नस बसली बघा

घोड्याची नस बसत नसते. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे ज्यांना पुढं वाचायचा कंटाळा आहे त्यांनी एवढं तरी घेऊन जावं. घोड्याची बसत नाही, बैलाची बसत नाही, म्हशीची नाही आणि नगरच्या बंगल्यातल्या लाडावलेल्या कुत्र्याचीही नाही. नस काय जागेवरून उठून फिरायला गेलेली असते, की तिला हाताला धरून परत आणून बसवायची?

संपादकांनी मला फोनवर सांगितलं होतं, "चाचा, तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा, दिवाळीत लोकांना हसायला हवं असतं." गमती येतील तशा येतील. पण लिहायला बसलो तेव्हा माझ्या डोक्यात राग होता आणि तो अजून उतरलेला नाही. त्यातला निम्मा लोकांवर आहे, निम्मा माझ्यावर. कारण 'नस बसली बघा' हे वाक्य कोणा ऐऱ्यागैऱ्यानं नव्हे, मी स्वतः म्हटलंय, मोबाईलकडं बघून, मिशीला पीळ देत.

मी नगर जिल्ह्यातल्या बेलापूरचा. अब्बा नालबंद होते, बैलांना आणि घोड्यांना नाल ठोकायचे. नाल ठोकायचा तर पाय उचलावा लागतो आणि पाय उचलला की जनावर कुठं अवघडलंय ते हाताला कळतं. मग ठोकायच्या आधी तेवढी जागा चोळायची, जनावर सैल करायचं, की लाथ बसत नाही. अब्बांच्या हाताला त्याची इतकी सवय झाली की लोक नाल ठोकायचा नसला तरी जनावर घेऊन यायचे. पुढं ट्रॅक्टर आले, नाल ठोकणं मागं पडलं आणि माझ्या वाट्याला नुसतं चोळणं आलं. लग्नाच्या घोड्या, शर्यतीचे बैल, व्याल्यावर मागचे पाय धरलेल्या म्हशी. अलीकडं कुत्रीही.

या कामात विद्या किती आणि धीर किती असं विचाराल तर धीरच जास्त. घोड्याच्या डाव्या खांद्याशी जाऊन उभं राहायचं. आधी हात पालथा करून हुंगू द्यायचा. मग मानेपासून पाठीपर्यंत नुसता तळहात फिरवायचा, दाबायचं काहीच नाही. कुठं ऊन लागतं, कुठं गार लागतं, कुठं कातडी थरथरते, कुठं हात आला की कान मागं जातात, हे बघत जायचं. घोड्याच्या पाठीवर माशी बसली तर तो तेवढीच कातडी हलवून तिला उडवतो. ज्याला माशीचं वजन कळतं त्याच्या पाठीत कोपर रोवणारे उस्ताद मी पाहिलेत. त्यांना त्याच पाठीला बांधून वरातीत नाचवावं असं मला फार वाटतं.

दुखरी जागा सापडली की तिच्या भोवतीनं चोळत चोळत आत यायचं. तेल थोडंच, कारण तेलाला धूळ चिकटते आणि खाज सुटते. पण मालकाला तेल भरपूर दिसावं लागतं. अर्धापाऊण तास गेला की घोडी मान खाली सोडते, खालचा ओठ लोंबतो, डोळे अर्धे मिटतात. मग एक लांब उसासा टाकते आणि तोंडात काही नसताना चावल्यासारखं करते. ते चावणं दिसलं की समजायचं, सैल झाली. आता हात काढायचा. एवढाच आमचा धंदा. जिथं सूज गरम लागते, जिथं जनावर पाय टेकवतच नाही, तिथं आपण तेलाची बाटली उघडायचीच नाही, डॉक्टर बोलवायचा. हे अब्बांनी मला नाल हातात देण्याआधी शिकवलं.

आणि दुसरी एक गोष्ट शिकवली, ती मात्र शिकवली नसती तर बरं झालं असतं.

काम झालं की घोडी सैल होते, पण मालक होत नाही. तो तासभर बघत असतो की हा म्हातारा नुसता हात फिरवतोय. त्याला वाटतं, यात काय झालं? म्हणून अब्बा शेवटी पुढचा पाय उचलायचे, गुडघ्यात दुमडायचे आणि हलकेच पुढं ओढायचे. कट्‌ असा आवाज यायचा. आपण बोटं मोडतो तसाच. त्यात जनावराला नुकसान नाही आणि फायदाही नाही. पण मालकाचा चेहरा खुलायचा. अब्बा घरी आल्यावर हसत म्हणायचे, "जानवर कू हात बस है, मालक कू आवाज होना." जनावराला हात पुरतो, मालकाला आवाज लागतो. मी हे वाक्य ऐकत मोठा झालो आणि त्यात मला शहाणपण वाटायचं.

नेवाश्याकडं एका शेतकऱ्याचा बैल होता, पाखऱ्या नावाचा. डाव्या अंगाला वळायचं आलं की जू मानेवर घेऊन तसाच खाली बसायचा. मालकानं गावातल्या एकाकडून त्याच्या पुठ्ठ्यावर तापल्या लोखंडाच्या डागण्या दिल्या होत्या. बसतोय म्हणजे मागनं अधू असणार, हा हिशोब. मी गेलो तेव्हा त्या डागण्या चिघळल्या होत्या आणि मला असा संताप आला की मी मालकाला विचारलं, "तुमी तंबाखू खाऊन खोकता, म्हणून तुमच्या पाठीला डागावं का?" मग पाखऱ्याच्या खांद्यावर हात फिरवला. वशिंडाच्या पुढं, उजव्या बाजूला, रुपयाएवढी जागा दगडासारखी कडक. जू मागवलं, उलटं केलं. लाकडातली एक गाठ बरोबर त्याच जागी बाहेर आली होती. सुतारानं रंध्यानं ती काढली, काम संपलं.

मालक मात्र नाराज. म्हणाला, "चाचा, येवढ्या लांबनं आलात आन् जुवाचं लाकूड तासलं व्हय? बैलाला कायतरी करा की." मी बैलाला पंधरा मिनिटं चोळलं, पाय दुमडला, कट्‌ केलं. पुढच्या बाजारी तो माणूस सगळ्यांना सांगत होता, "चाचानं एक नस वढली, पाखऱ्या पळाया लागला." जुवाचं नाव नाही, सुताराचं नाव नाही. मी तिथंच उभा होतो आणि मला बरं वाटलं, हे कबूल करतो.

आता कस्तुरीचं.

कस्तुरी ही आमच्याच जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातल्या भानुदासची घोडी. पांढरी, उंच, वरातीत नाचणारी. भानुदासचं घर तिच्यावर चाललेलं आणि त्याचा तिच्यावर जीव होता, यात खोट नाही. सकाळी तिला चारा टाकल्याशिवाय चहा घेत नसे. त्याचा निरोप आला की घोडी मान एका अंगाला वळवत नाही, नाचताना अडखळते, या. मी गेलो.

नाचणाऱ्या घोडीची मान कमानीसारखी दिसावी लागते, वरातीत तेच शोभतं. त्यासाठी लगामापासून छातीच्या पट्ट्यापर्यंत एक दोरी आवळून बांधतात, म्हणजे हनुवटी छातीकडं राहते. भानुदास ती दोरी घरीही सोडत नव्हता. तिला वळण राहावं म्हणून दाव्याला असतानाही बांधलेलीच. तुम्ही दोन तास हनुवटी छातीला लावून बसून बघा, मग मला मानेचं सांगा. कानामागं आणि मानेच्या वरच्या अंगाला तिचं मांस नुसतं ताठून गेलं होतं. तासाभरानंतर तिनं मान इतकी खाली सोडली की नाक माझ्या गुडघ्याला लागलं. उसासा टाकला, चावलं. मी भानुदासला सांगितलं, "ही दोरी सोड. घरी बांधायचीच नाही. आणि पंधरा दिवस नाचवू नको."

"पंधरा दिस?" तो म्हणाला. "चाचा, लग्नाच्या तारखा लागल्यात. आन् येवढंच? आवाज न्हाई आला?"

त्याचा मेव्हणा शेजारी उभा होता. पुण्याला कंपनीत कामाला, हातात कायम मोबाईल. तो म्हणाला, "चाचा, ते तुमचं फेमस हाय ना, ते करा. मी शूट करतो."

फेमस म्हटलं की माणूस पाघळतो. मी पाय उचलला, दुमडला, ओढला. कट्‌. शांत दुपार होती, मस्त आवाज आला. सगळे "वा!" म्हणाले. मेव्हण्यानं मोबाईल माझ्या तोंडापुढं आणला. आणि मी मिशीला पीळ देऊन म्हणालो, "नस बसली बघा."

त्या तीन शब्दांनी मी माझं तासाभराचं काम आणि सल्ला स्वतःच्या हातानं पुसून टाकला. नस बसली म्हटल्यावर दोरी कशाला सोडायची? नस बसली म्हटल्यावर पंधरा दिवस कशाला? भानुदासनं दुसऱ्या दिवशीच तिला वरातीत नेलं. त्याचं काय चुकलं? उस्तादानंच सांगितलं होतं की बसली.

तो व्हिडिओ कुठं कुठं गेला मला ठाऊक नाही. मला फक्त फोन कळत होते. बेलापूरच्या चहाच्या टपरीवर लोक मला 'नसवाले चाचा' म्हणायला लागले. सांगली, बीड, कुठली कुठली माणसं फोन करायची. एकानं विचारलं, बोकडाची नस बसवता का. नगरच्या एका बाईंनी त्यांच्या लठ्ठ कुत्र्याला आणून पुढ्यात ठेवलं आणि म्हणाल्या, "आवाज येईपर्यंत करा." त्या कुत्र्याला मालिश नको होती, बिस्किटं बंद करायला हवी होती. तसं सांगितलं तर बाई रुसल्या. सुरुवातीला मला मजा वाटली. मग वैताग आला आणि मी अनोळखी काय, ओळखीचेही फोन उचलायचे सोडले.

भानुदासनं तीनदा फोन केला होता. मी नाव बघितलं होतं. म्हटलं, करेल परत.

त्यानं परत केला नाही. कस्तुरीची मान पुन्हा धरली होती, दुसऱ्या दिवशी मोठी वरात होती आणि चाचा फोन घेत नाहीत. मेव्हणा सुट्टीवर आला होता. त्यानं मोबाईलवर आणखी कोणाचे तरी व्हिडिओ शोधले. त्यात कोणी परदेशी माणूस घोड्याच्या मानेला झटका देतो आणि आवाज येतो. मेव्हण्याचं म्हणणं, चाचांनी पायाचा काढला, आपण मानेचा काढू, नस तर मानेचीच अडकलीय. दोघांनी मिळून तिला घरापुढच्या कोब्यावर उभी केली. हलू नये म्हणून नाकाला दोरीचा पीळ घातला. तोंडाला बांधलेल्या मोरखीची दोरी खांबाभोवतून घेतली आणि मेव्हण्यानं एका अंगाला हिसका दिला. एक नाही, आवाज येईना म्हणून तीन. तिसऱ्याला कस्तुरी मागच्या पायांवर उभी राहिली, सिमेंटवर नाल घसरले आणि ती उलटी, डोक्यावर पडली.

दोन दिवसांनी सकाळी भानुदासच्या बायकोचा फोन आला. नंबर अनोळखी होता, का कोण जाणे मी उचलला. तिनं पडल्याचं सांगितलं आणि म्हणाली, "चाचा, दोन दिस झालं, घोडी हुभी ऱ्हाईना. ह्यांनी भाकर तोंडात घातली न्हाई. तुमी या."

बेलापूरहून नगर आणि नगरहून कर्जत, एसटीनं. सगळ्या वाटेत मी मनातल्या मनात त्या मेव्हण्याला शिव्या घातल्या. कर्जतला उतरेपर्यंत शिव्या संपल्या होत्या आणि ते तीन न घेतलेले फोन तेवढे उरले होते.

कस्तुरी लिंबाखाली आडवी होती. अंगाखाली पाचट टाकलं होतं. मला बघून उठायला गेली. पुढचे पाय उचलले, मागचे एकमेकांत गुंतले, परत पडली. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई तिथं होत्या. दोन दिवस त्यांनी सलाईन, इंजेक्शनं, जे करता येतं ते केलं होतं. मानेच्या मणक्यातच इजा आहे, मागचा ताबा सुटलाय आणि तो परत येणार नाही, असं त्यांनी मला सरळ सांगितलं. मग माझ्याकडं नीट बघून म्हणाल्या, "व्हिडिओतले तुम्हीच का?"

"मीच," मी म्हणालो.

त्या वळून सलाईनची बाटली काढायला लागल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

भानुदासनं माझे पाय धरले. "चाचा, ह्या डागतरीनबाई म्हंत्यात सुईनं झोपवायची. तुमी त्या दिशीवानी एक झटका द्या. ज्या अंगाला गेलीय त्याच्या उलट्या अंगाला द्या. बसंल नस."

तेव्हा माझा तोल गेला. मी ओरडलो. आयुष्यात इतक्या मोठ्यानं मी कुठल्या मालकावर ओरडलो नव्हतो. "नस बसत नसते! पायाचा आवाज बोटं मोडल्याचा असतो! तो घोडीसाठी नसतो, तुझ्यासाठी असतो! तुझं समाधान व्हावं म्हणून मी खोटं बोललो!" भोवती दहावीस माणसं जमली होती, सगळ्यांना ऐकू गेलं.

भानुदासनं माझे पाय सोडले. मग त्यानं मेव्हण्याला हळूच सांगितलं, ते मला ऐकू आलं. "डागतरीनबाईम्होरं बोलाय घाबरत्यात. त्यांना जाऊ दे, मंग करतील चाचा."

मी चाळीस वर्षांत एकदा खरं बोललो आणि ते खोटं ठरलं. त्याला तरी दोष काय देऊ? खोट्याची गोडी मीच लावली होती.

मी पाचटावर बसलो आणि कस्तुरीचं डोकं मांडीवर घेतलं. जड असतं घोडीचं डोकं. तिच्या डोळ्यांत भीती होती, नाकपुड्या फुगलेल्या. कानामागं हात ठेवला, नुसता ठेवला. मग हळूहळू फिरवायला लागलो. तेल नाही, दाबणं नाही. भानुदासला म्हटलं, "तू पण ये. हात दे तुझा." त्याचा हात तिच्या कपाळावर ठेवला. दोघं मिळून कितीतरी वेळ चोळत होतो. तिचे डोळे अर्धे मिटले, ओठ सैल पडला. उसासा टाकला आणि चावलं, दोनदा. भानुदासला ती खूण कळत होती, रोजचा सहवास. मान सैल झाली, तरी मागचे पाय तसेच पडून होते. तो हुंदके देऊन रडायला लागला आणि तेव्हाच त्याला पटलं. त्यानं मान हलवली. मी डॉक्टरबाईंकडं बघितलं. त्यांनी इंजेक्शन दिलं.

ओढ्याकडेच्या पडीक तुकड्यात जेसीबीनं खड्डा घेतला. माती लोटून होईपर्यंत भानुदास तिथून हलला नाही. मला वाईट माणूस सापडला असता तर राग काढायला बरा होता. हा तसा नव्हता.

मी परत आलो. कोणाच्याही जनावराचा आवाज काढायचा नाही असं ठरवलं आणि आजवर काढला नाही. आता मालक विचारतात तेव्हा सांगतो की आवाज खोटा असतो. काही जण दुसऱ्याकडं जातात, जाऊ देत. पण एक गोष्ट मला माहीत नव्हती. त्या दिवशी लिंबाखालीही मेव्हण्याचा मोबाईल चालू होता.

आठवड्याभरानं फोन आला. शेवगावकडचा माणूस, आवाजात आदर. "चाचा, तुमचा नवा व्हिडिओ बघितला. घोडी येवढी तडफडत हुती आन् तुमी नुसता हात लावला की शांत झाली. डोळं मिटलं तिनं. आमची बी घोडी लई दंगा करती, तिला तसंच शांत करायचं हाय."

म्हणजे इंजेक्शनाच्या आधीच व्हिडिओ कापलेला होता. डोक्यात नुसता जाळ झाला. मी म्हणालो, "शांत करतो की. मी येईपर्यंत जेसीबी सांगून खड्डा घेऊन ठेवा."

मला वाटलं, त्याला कळलं. मग त्यानं कागद पेन घेतल्याचा आवाज आला.

"किती खोल घ्यायचा, चाचा?"

मी त्याला शिव्या दिल्या नाहीत. त्याच्याकडून गावाचं नाव, वस्तीचं नाव नीट लिहून घेतलं. खड्डा घेऊ नका, घोडीला दोरी लावू नका, मी येईपर्यंत कोणी हात लावू नका, असं तीन वेळा बजावलं आणि त्याच्याकडून परत म्हणवून घेतलं. मग पायात चपला घातल्या आणि शेवगावची गाडी किती वाजता आहे ते बघायला स्टँडवर गेलो.